वाचकांचे प्रश्न : मी मुळात अबोल, लेकराशी काय बोलू?

मागच्या अंकात मी माझ्या मुलाच्या पहिल्या कानाच्या मशीनबद्दल लिहिलं होतं. साल १९९२, तो अडीच वर्षांचा, आम्ही मिरजेला. तेव्हाचं मशीन काडेपेटीपेक्षा जरा मोठं, छातीवर अडकवायचं. त्यातून दोन वायरी कानांपर्यंत जायच्या. त्यासाठी मी त्याच्या प्रत्येक बंडीला पुढे खिसा शिवत असे. तो मजकूर वाचून बरीच पत्रं आली, त्यांतली चार इथे घेते. नावं कुणाचीच देत नाही. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मुलाच्या निमित्ताने विशेष शिक्षणाची पदविका केली आणि पुढे २७ वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवलं. जे लिहिते ते त्या शिदोरीवर.

नमस्कार बाई,
माझा मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे. बेरा तपासणीत (मूल झोपलेलं असताना ऐकण्याची नस तपासतात ती) दोन्ही कानांत ७५ ते ८० डेसिबलचा दोष निघाला. मशीन लावून ५ महिने झाले. ‘मम्मा’ आणि ‘बा’ एवढंच बोलतो. दर शनिवारी थेरपीला साताऱ्याला नेते, एसटीने जाऊन येऊन अख्खा दिवस मोडतो. थेरपीच्या मॅडम म्हणतात, घरी दिवसभर त्याच्याशी बोलत राहा. बाई, मी मुळातच अबोल आहे. आमच्या घरात माझ्याशीसुद्धा कोणी फारसं बोलत नाही. मी याच्याशी दिवसभर बोलू तरी काय? आत्याबाई म्हणतात, कुकरची शिट्टी झाली की हा वळून बघतो, ट्रॅक्टर आला की दारात पळतो, मग बहिरा कसा? पोराला त्रास होतो म्हणून त्या मशीन काढून कपाटात ठेवतात. आमचं लग्न नात्यातलं, नवरा माझा सख्खा आतेभाऊ. त्यावरूनही बोलणी खाते. दुसऱ्या मुलाचा विचार करायची भीती वाटते.
— एक आई, फलटण तालुका

वयाने तू माझ्या लेकीसारखी, म्हणून अगं-तुगं करते.

आधी कुकरची शिट्टी, कारण घरातला निम्मा वाद तिच्यापाशी अडलाय. आपण समोरासमोर बसून साधं बोलतो ते ६० डेसिबलच्या आसपास असतं. तुझ्या मुलाला ७५-८०च्या खालचं मशीनशिवाय ऐकू येत नाही. म्हणजे कुकर आणि ट्रॅक्टर त्याच्यापर्यंत पोचतात, आईचं बोलणं पोचत नाही. आत्याबाई जे बघतात ते खरंच आहे, त्यांना खोटं पाडू नकोस. ‘तुम्ही म्हणता ते बरोबर, मोठा आवाज त्याला येतो. माझा आणि तुमचा आवाज यावा म्हणून हे मशीन’ असं सांग. पुढच्या वेळी साताऱ्याला जाताना त्यांना बरोबर ने आणि मॅडमना ऑडिओग्रामचा, म्हणजे पोराच्या ऐकण्याच्या आलेखाचा, कागद त्यांच्यासमोर उलगडायला सांग. त्या कागदावर बोलण्यातले आवाज जिथे पडतात तो भाग केळ्याच्या आकाराचा दाखवलेला असतो. केळं कुठे आणि आपल्या नातवाची रेघ कुठे, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की फार समजवावं लागत नाही. माझ्या शाळेत कितीतरी आज्या त्या कागदापाशी गप्प झालेल्या मी पाहिल्या आहेत.

‘तो ओठ बघून समजून घेतो’ असंही घरात कोणी म्हणत असेल. तर सगळ्यांनी आरशासमोर उभं राहून आवाज न करता ‘पापा’, ‘बाबा’, ‘मामा’ म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ तेच करतात. ‘क’, ‘ग’, ‘घ’ तर घशाजवळ तयार होतात, बाहेरून काहीच दिसत नाही. नुसते ओठ बघून मराठी शिकायची म्हटलं तर किती शब्द हातातून निसटतील, याचा अंदाज तेवढ्यावरूनही येतो.

आता त्याचं वय. तू लिहितेस ३ वर्षं ४ महिने. माझ्या वहीत मी ५ महिने लिहीन. मशीन ज्या दिवशी नीट लागलं त्या दिवसापासून त्याच्या कानांचं वय सुरू झालं. ज्याला सगळं ऐकू येतं असं बाळसुद्धा पहिला शब्द बोलायच्या आधी जवळजवळ वर्षभर नुसतं ऐकत असतं. ५ महिन्यांत ‘मम्मा’ आणि ‘बा’ आले, याचा मला आनंद झाला, तूही तो मान. त्याने किती शब्द बोलले याची वही बंद कर आणि किती शब्द कळले याची वही घाल. ‘चप्पल कुठंय?’ म्हटल्यावर त्याने दाराकडे बघितलं, तर तारीख टाकून लिही. कळणं आधी येतं, बोलणं त्याच्या मागून. कळलेल्या शब्दांची पानं भरत गेली की धीर येतो, आणि थेरपीच्या मॅडमनाही त्या वहीचा मोठा उपयोग होतो.

‘काय बोलू’ हा तुझा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण तो फार आया विचारतच नाहीत. ‘बोला’ म्हटलं की मान डोलावून घरी जातात आणि रात्री रडतात. तुला गोष्टी सांगायच्या नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. हातातलं काम तोंडाने म्हणायचंय, एवढंच. भाकरी घे. पोराला तुझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर पाटावर बसव, चुलीपासून लांब. ‘पीठ घेतलं. पाणी ओतलं. आता मळू या. मळ, मळ, मळ. थाप, थाप, थाप. तव्यावर टाकली. अजून नाही फुगली… अजून नाही… फुगली!’ त्या ‘फुगली’ला आवाजात आनंद येऊ दे. एका वेळच्या दहा भाकऱ्या म्हणजे तोच शब्द दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर खरीखुरी भाकरी फुगतेय. आठवडाभराने ‘अजून नाही… अजून नाही…’ इथे थांब आणि त्याच्याकडे बघ. मनात दहापर्यंत मोज. तो दहा आकड्यांचा वेळ फार लांब वाटतो, जीभ शिवशिवते, तरी थांब. तो हात वर करील, ‘आ’ म्हणेल, ‘ऊ’ म्हणेल. जे म्हणेल तो त्याचा शब्द समज आणि ‘हो, फुगली!’ म्हणून पुरा करून दे.

आपल्या मराठीची यात मोठी मदत आहे. दे, घे, ये, जा, खा, पी, धर, सोड, ऊठ, बस. एवढ्या लहान शब्दांत अख्खा दिवस पार पडतो. पण म्हणून तोडकं बोलू नकोस. ‘ताई दे’ म्हणायचं नाही, ‘ताईला दे’ म्हणायचं. आपल्याकडे अर्थ शेवटच्या अक्षरात लपलेला असतो. ताईला, ताईने, ताईचं, ताईकडे. ही टोकाची अक्षरं आपण हळू उच्चारतो, आणि कमी ऐकणाऱ्या मुलांची नेमकी तीच गळतात. माझा मुलगा सहा वर्षांचा होईपर्यंत ‘आई मारलं’ म्हणायचा. आईने मारलं की आईला मारलं, हे समोरच्याने ओळखायचं. मी तेव्हा त्याला दोन-दोन शब्दांत शिकवत होते. सोपं करतेय असं मला वाटायचं, आणि पुढे त्या अक्षरांसाठी आम्ही चार वर्षं घासलं.

ओरडून बोलू नकोस. ओरडण्यात ‘आ’, ‘ओ’ मोठे होतात आणि ‘स’, ‘त’, ‘फ’ त्याखाली बुडतात. त्यापेक्षा जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अंगणातून मारलेली हाक आणि शेजारी बसून म्हटलेलं वाक्य यांत त्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. बोलताना टीव्ही बंद, मिक्सर बंद. मोबाईलवरची गाणी त्याला दाखवत असशील तर तीही आवर. मोबाईल त्याच्या ‘आ’ला थांबून उत्तर देत नाही.

एक चूक मी केली ती तू करू नकोस. ‘म्हण, म्हण. म्हण बिस्कीट, मग देते.’ मी पुडा पाठीमागे धरून उभी राहायची. चार-पाच दिवस त्याने प्रयत्न केला. मग एके दुपारी त्याने स्टूल ओढलं, फळीवरचा डबा स्वतः काढला आणि माझ्याकडे न बघता खाल्लं. पुढे कित्येक महिने तो माझ्याकडे काही मागायला आला नाही. बोलणं म्हणजे परीक्षा, असं मीच त्याला शिकवलं होतं. त्याने बोट दाखवलं तरी दे आणि देताना तू म्हण, ‘बिस्कीट हवं? घे बिस्कीट.’

मशीनकडे येते. जागेपणी सगळा वेळ कानात, आंघोळ आणि झोप सोडून. पोर दिवसातले बारा तास जागं असतं असं धरलं आणि मशीन दोनच तास लावलं, तर त्याच्या कानांचं एक वर्ष सहा वर्षांत पुरं होईल, हा हिशेब आत्याबाईंना सांग. पण तो काढून टाकतो, त्रास होतो म्हणतात, तेही तपास. कानात बसणारा मोल्ड लहान झाला असेल. या वयात कान वाढतो, मोल्ड काही महिन्यांनी बदलावा लागतो. सैल झाला की मशीन शिट्टी मारतं, घट्ट झाला की कान लाल होतो. कधी बॅटरी संपलेली असते आणि आपण पोराच्या कानात नुसतं बूच घालून ठेवलेलं असतं. म्हणून रोज सकाळी दोन मिनिटं द्यायची. मशीन ऐकायची नळी मिळते, स्टेथोस्कोपसारखी, ती मागून घे. आधी स्वतः ऐक. मग त्याला लावून त्याच्या जरा मागे बस आणि सहा आवाज काढ : आ, ऊ, ई, श, स, म. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांनी हे सहा निवडले, कारण बोलण्यातले जाड-बारीक सगळे आवाज या सहांच्या पट्ट्यात येतात. आवाज आला की त्याने एक ठोकळा डब्यात टाकायचा. सलग म्हणू नकोस, मध्ये कमी-जास्त थांब, नाहीतर तो ताल धरून टाकत राहतो. काल ‘श’ला ठोकळा पडत होता आणि आज पडला नाही, तर मशीन किंवा कान, काहीतरी बिघडलंय. सर्दीनेही असं होतं. ‘स’ आणि ‘श’ कधीच येत नसतील तर मॅडमना सांग आणि मशीन लावून केलेली चाचणी मागून घे. तीन-चार महिने नीट, दिवसभर वापरूनही फायदा दिसला नाही, तर पुढे काय ते तेव्हा ठरवायचं, पण कपाटातल्या मशीनवरून ते ठरत नाही.

पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डब्यात ठेव. बॅटरीवरचा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू दे, मग घाल. आणि त्या बटणाएवढ्या बॅटऱ्या मुलांच्या हाताला लागतील अशा कधीही ठेवू नकोस. गिळली गेली तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

लग्नाचं. जन्मतः ऐकू न येण्यामागे पुष्कळदा जनुकं असतात. आई आणि वडील दोघांकडून तेच दोषाचं जनुक आलं तरच मुलात दिसतं असा प्रकार त्यात जास्त. रक्ताच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडे ते असण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण ते तुझ्या एकटीकडून आलेलं नसतं. तुझे वडील आणि आत्याबाई एकाच आईची लेकरं, हे बोलणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. शिवाय कारण जनुकांचंच आहे की आणखी काही, हे अजून तपासलेलं दिसत नाही. गरोदरपणातला रुबेला, जन्मानंतरची जोराची कावीळ, काचेच्या पेटीतले दिवस, यांनीही हे होतं. पुण्यात जनुकीय समुपदेशन मिळतं. दुसऱ्या मुलाआधी दोघांनी मिळून एकदा जा. दोघेही वाहक निघाले तर दर गरोदरपणात चारात एक अशी शक्यता सांगतात, म्हणजे चारात तीन मुलं ऐकणारी. आणि पुढचं मूल झालंच तर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत मशीन, हे वेळापत्रक आता तुला माहीत आहे. माझ्या वेळी ते कुणी सांगितलं नव्हतं. एका मोठ्या डॉक्टरांनी ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून परत पाठवलं आणि आमचे १४ महिने गेले.

‘माझ्याशीसुद्धा कोणी फारसं बोलत नाही’ हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. थेरपीचा सगळा भार एकट्या आईवर टाकायची आपल्याकडे रीत आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. पोराला एकाच माणसाचा आवाज पुरत नाही. आत्याबाई कोंबड्यांना दाणे टाकत असतील, गाईला वैरण घालत असतील, तर ते काम त्यांच्याकडे राहू दे आणि पोरगं त्यांच्याकडे दे. ‘ये ये ये’ करून बोलावणं त्यांच्याइतकं तुला जमणार नाही. नवऱ्याला रोज एक ठरलेलं काम दे. दुधाची किटली धुणं म्हण, मोटर चालू करणं म्हण. ‘चालू! आलं पाणी! बंद!’ तेवढी पाच मिनिटं बापाची. पोराशी बोलायच्या निमित्ताने घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागलेली मी पाहिली आहेत. तुझ्या घरी तसं व्हावं असं मनापासून वाटतं. झालं नाही तरी शनिवारच्या एसटीत, थेरपीच्या बाकावर ज्या आया भेटतात त्यांचे नंबर घे. मला माझ्या अशा दोन मैत्रिणी ३० वर्षं पुरल्या.

आदरणीय बाई, माझी भाची ५ वर्षांची. मशीन चौथ्या वर्षी लागलं. ती हातांनी खुणा करून खूप काही सांगते, पण थेरपिस्टनी सांगितलंय की खुणा अजिबात चालवायच्या नाहीत, नाहीतर ती बोलणारच नाही. ती पाण्याची खूण करते तेव्हा दाजी तिचे हात धरून ठेवतात. मला ते बघवत नाही. बरोबर काय?
— एक मावशी, अकोला

तिचे हात सोडायला सांगा.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते कारण खुणा करू नयेत म्हणून मी स्वतः मुलींना त्यांच्याच हातांवर बसायला लावलं आहे. आमच्या प्रशिक्षणात तेच शिकवलं होतं. खूण दिसली की दुर्लक्ष करायचं, ‘बोलून सांग’ म्हणायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक सात वर्षांची मुलगी दिवसभर गालाला हात लावून माझ्यासमोर येत होती आणि मी तिला ‘बोलून सांग’ म्हणत होते. दुसऱ्या दिवशी ती गाल सुजवून आली. दाढेत पू झाला होता. तिला ‘दाढ’ हा शब्द मी शिकवलेलाच नव्हता. तिच्या आईसमोर मान वर करायचं धैर्य मला झालं नाही.

मुलाला भाषा हवी, ती वेळेवर हवी. तोंडाने येवो, हातांनी येवो. मशीन चौथ्या वर्षी लागलेल्या पोरीकडे भाषेशिवाय गेलेली चार वर्षं आधीच आहेत. आता बोलणं येईपर्यंत तिने मनातलं मनात ठेवायचं का? ती पाण्याची खूण करते तेव्हा तुम्ही खूण समजून घ्या, तोंडाने ‘पाणी हवं? घे पाणी’ म्हणा आणि पाणी द्या. खूण केल्याने बोलणं मरतं हे माझ्या २७ वर्षांत मी पाहिलं नाही. मशीन कपाटात राहिल्याने मेलेलं पाहिलं, घरात कोणी न बोलल्याने मेलेलं पाहिलं.

घरगुती खाणाखुणा आणि सांकेतिक भाषा यांतला फरकही समजून घ्या. भारतीय सांकेतिक भाषा ही पुरी भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. मराठी वाक्य हातांनी केलं की ती झाली असं नव्हे. दिल्लीत २०१५ साली तिच्या संशोधन आणि प्रशिक्षणासाठी सरकारी केंद्र निघालं. त्यांच्या शब्दकोशात आता १०,०००हून जास्त शब्दांचे व्हिडिओ आहेत, फोनवर बघता येतात. तुम्ही मावशी आहात, रोज दोन शब्द तुम्हीच शिका आणि भाचीला दाखवा. थेरपी चालूच ठेवा, मशीन कानात राहू द्या. माझा मुलगा आज पस्तिशीत आहे. माझ्याशी मराठीत बोलतो, कर्णबधिर मित्रांबरोबर हातांनी बोलतो, आणि त्यांच्यात तो जितका खळखळून हसतो तितका आमच्यात हसत नाही. ती भाषा त्याला विसाव्या वर्षी, मित्रांकडून मिळाली. मी आधी देऊ शकले असते.

मुलगी २ वर्षांची. बेरामध्ये ९० डेसिबलला पण रिस्पॉन्स नाही. कॉक्लिअर इम्प्लांट सांगितलंय. मेंदूचं ऑपरेशन म्हणून घरचे नको म्हणतात. माझी टपरी आहे, एवढा खर्च कुठून करू?
— एक वडील, औसा, जि. लातूर

मेंदूला हात लागत नाही. कानामागच्या हाडातून वाट करून आतल्या कानात, त्याला कॉक्लिआ म्हणतात, बारीक तार सरकवतात. त्वचेखाली एक भाग बसतो आणि बाहेरचा भाग चुंबकाने डोक्याला चिकटतो. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, म्हणून हे काम नेहमी करणारा सर्जन हवा, ते मात्र विचारून घ्या. आधी एमआरआय आणि सीटी करतात, आतला कान आणि ऐकण्याची नस नीट आहे का ते बघायला. मेंदूज्वरापासून बचावाची लस आधी घ्यावी लागते. साधारणपणे काही महिने मशीन लावून बघायलाही सांगतात, तो वेळ वाया गेला असं समजू नका.

खर्चाचं सांगते. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून कमी उत्पन्नाच्या घरातल्या, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांचं इम्प्लांट होतं. वय ५च्या आत लागतं, तुमची मुलगी २ची आहे, म्हणजे आत्ताच हालचाल करा. या योजनेचं इम्प्लांटचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडून चालतं. लातूरच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, आधी जा. अंगणवाडीत तपासणीला येणारं बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमचं नाव तिथे पाठवू शकतं. उत्पन्नाचा दाखला, आधार, बेराचा अहवाल आणि दिव्यांग प्रमाणपत्र यांच्या पाच-पाच प्रती एका पिशवीत तयार ठेवा.

पण ऑपरेशन झालं की मुलगी बोलेल, असं कोणी सांगितलं तर तिथे थांबा. दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचं यंत्र चालू करतात. त्या दिवशी ती दचकेल, रडेल, कदाचित काहीच करणार नाही. मग यंत्राची जुळणी करायला पुनःपुन्हा जावं लागतं आणि निदान दोन वर्षं थेरपी. औशाहून कुठे, कोण, आठवड्यातून किती वेळा नेणार, टपरी तेव्हा कोण बघणार, हे ऑपरेशनच्या आधी बायकोबरोबर बसून ठरवा. बाहेरच्या भागाच्या वायरी, बॅटऱ्या, पुढे काही वर्षांनी यंत्र बदलणं, याचा खर्च कोणाचा, तेही तोंडी न विचारता लिहून घ्या. हे सगळं जमत असेल तर ‘नको’ म्हणणाऱ्यांसाठी थांबू नका. कान जितका लवकर जागा होईल तितकी भाषा सोपी जाते, आणि २ हे वय हातचं घालवण्यासारखं नाही.

बाई, नातू १४ महिन्यांचा, पुण्यात असतो. हाक मारली तर बघत नाही. मी मागे थाळी वाजवली तर वळला. मुलगा-सून म्हणतात, जन्मल्यावर हॉस्पिटलात कानाची टेस्ट पास झाली होती, तुम्ही उगाच शंका काढता. मी गप्प बसावं का?
— एक आजोबा, चिपळूण

नाही, गप्प बसू नका. थाळीचा आवाज मोठा असतो, तिचा हादरा जमिनीतून आणि हवेतूनही लागतो. थाळीला वळणाऱ्या बाळाला ‘स’ ऐकू येतो असं त्यावरून ठरत नाही. १४ महिन्यांचं बाळ नावाला वळायला हवं, ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड करायला हवं. पुष्कळ कमी ऐकणारी बाळं पाचव्या-सहाव्या महिन्यात आवाज काढतात आणि मग हळूहळू गप्प होत जातात, त्यामुळे ‘आधी तर बडबडायचा’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात. सुनेला विचारून बघा.

जन्मल्यावर पास झालेली चाचणी बहुधा ओएई असेल. ती आतल्या कानाची तपासणी आहे, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची नाही. जन्मानंतर जोराची कावीळ झालेल्या काही बाळांत कान पास होतो आणि नस नापास. काहींचं ऐकणं जन्मानंतर कमी होत जातं. म्हणून ओएई आणि बेरा दोन्ही एकत्र करून घ्यायचं. सगळं नीट निघालं तर उत्तमच, मग तो नावाला का वळत नाही हे बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

मुलाशी भांडू नका. ‘मला म्हाताऱ्याला झोप लागत नाही, माझ्यासाठी एकदा करून घे’ एवढं म्हणा. तुम्ही स्वतः बरोबर जाणार असाल तर एक सांगते. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवायला सांगा, सकाळी लवकर उठवायला सांगा आणि गाडीत तुमच्या मांडीवर डुलकी लागू देऊ नका. खिडकीबाहेरचं दाखवत राहा. तिथे पोचल्यावर दूध पाजून झोपवायचं.